उतारवयातील बाग : एकदा लावावी, वर्षानुवर्षे फुलावी



पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. १ नोव्हेंबरची संध्याकाळ होती. काही कामानिमित्त आम्ही धारवाडच्या सुभाष रोडवर गेलो होतो. राज्योत्सवाचे पिवळे-तांबडे झेंडे लागले होते व बाजारात गर्दी होती. एका फूलवालीच्या टोपलीसमोर आमच्या धर्मग्रामातील एक वयस्क शेतकरी उभे दिसले. दुसऱ्या दिवशी मृतांच्या स्मरणाचा दिवस. पत्नीच्या कबरीवर वाहण्यासाठी त्यांना शेवंतीची माळ हवी होती. आपल्याकडे माळ 'मारू'वर विकतात. दोन्ही हात पसरले की एक मारू होते, आणि कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापाला 'मोळ' म्हणतात. काकांनी आधी एक मारू मागितली होती. भाव ऐकल्यावर दोन मोळ घेतली.

आम्हाला पाहून ते ओशाळले. म्हणाले, "जन्मभर शेती केली फादर, आन् बायकोसाठी फूल इकत घेतोय."

बोलता बोलता समजले की शेत मुलांच्या हाती दिले आहे, बैल विकले आहेत. मुले चांगली आहेत. ती म्हणतात, "आता बसा, आराम करा." म्हणून काका दिवसभर कट्ट्यावर बसतात. आम्ही म्हणालो, "घरापुढे जागा आहे ना? फुलझाडे लावा." त्यावर त्यांनी विचारले, "झाड लावून काय करू? ते वाढंस्तोवर मी असंन का? आन् असलो तरी गुडघं चालतील का?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर जे आम्हाला अनुभवाने मिळाले, ते या लेखात देत आहोत. थोडक्यात सांगायचे तर असे : उतारवयात बाग अशी लावावी की पहिल्या वर्षी कष्ट अधिक पडतील आणि पुढे दरवर्षी कमी होत जातील. आपली शक्ती उतरणीला लागते तेव्हा बागेची मागणीही उतरणीला लागली पाहिजे. हे बहुवर्षायू फुलझाडांनीच साधते.

हंगामी की बहुवर्षायू?

झेंडू, ॲस्टर, पिटुनिया ही हंगामी फुले. बी पेरा, रोप करा, लावा, तीन-चार महिने फुले घ्या, उपटून टाका आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. ती सुंदर दिसतात यात शंका नाही. पण हा दरवर्षीचा पेरा झाला. बहुवर्षायू झाड एकदा लावले की त्याच मुळावर, कंदावर किंवा खोडावर पुन:पुन्हा फुलते.

या बाबतीत आमचीही फजिती झाली आहे. फादरांच्या घरापुढे आम्ही एके वर्षी हौसेने हंगामी फुलांचे वाफे केले. नाताळात पाहणारे थांबून पाहत. नंतर दोन महिने आम्हाला बाहेरगावी राहावे लागले. परत आलो तेव्हा वाफ्यांत काड्या उरल्या होत्या. मात्र न्हाणीच्या सांडपाण्यावर कुणी तरी केव्हा तरी लावलेली कर्दळ हिरवीगार होती आणि कुंपणावरची बोगनवेल जांभळ्या रंगाने लगडली होती. त्या दोघींना कुणी पाणी घातले नव्हते, विचारलेही नव्हते. आम्ही त्यांच्याकडून धडा घेतला.

आपली हवा व माती

धारवाडला पूर्वीपासून पेन्शनरांचे गाव म्हणतात. मुंबई इलाख्याच्या काळापासून नोकरीतून मोकळे झालेले लोक येथे येऊन घर बांधीत आणि घराभोवती बाग करीत. याचे कारण येथील हवेत आहे. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. पश्चिमेला मलनाड, पूर्वेला कोरडे मैदान आणि मध्ये आपण. त्यामुळे कोकणासारखा धोधो पाऊस नाही व मैदानासारखी भाजून काढणारी हवाही नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या सरी येतात आणि हिवाळा सौम्य असतो. बहुवर्षायू फुलझाडांना याहून अधिक काय हवे?

जमिनीचे मात्र दोन प्रकार आहेत. धारवाडच्या पश्चिमेकडे तांबडी माती. हुबळी, नवलगुंदकडे काळी. तांबड्या मातीत पाणी लवकर निचरते. तिला शेणखत जास्त द्यावे. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, मुळे कुजतात व उन्हाळ्यात भेगा पडतात. परीक्षा सोपी आहे. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच असेल तर तेथे सपाट वाफा करू नये. मुरूम किंवा तांबडी माती, वाळू व शेणखत मिसळून वाफा अर्धा फूट उंच करावा.

लागवडीपूर्वीचे एक काम

शेतात हरळी-लव्हाळा झाला तर पुढच्या वर्षी नांगरट करता येते. बहुवर्षायू वाफ्यात नांगर घालता येत नाही. म्हणून मे महिन्यात जमीन फूटभर खणून ढेकळे उन्हात तापू द्यावीत आणि लव्हाळ्याच्या गाठी व हरळीच्या काशा हाताने वेचून काढाव्यात. हे जड काम मुलाकडून किंवा मजुराकडून करून घ्यावे. त्यात कमीपणा मानू नये. जो येथे आळस करील, त्याला पुढची दहा वर्षे खुरपे खाली ठेवता येणार नाही. नंतर चौरस यार्डाला एक टोपली कुजलेले शेणखत व दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. वळवाच्या पावसानंतर वाफसा आला की लागवड करावी.

वाफ्याची रुंदी चार फुटांहून जास्त नको. दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. म्हणजे वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. मधली वाट अडीच फूट ठेवावी. काठी टेकत चालण्याचा दिवस उद्या येणारच आहे. वाट त्या दिवसासाठी आखावी. ज्यांना वाकणे अगदीच जमत नाही, त्यांनी विटांचा दीड-दोन फूट उंच कट्टा बांधून त्यात माती भरावी व स्टुलावर बसून काम करावे.

कोणती झाडे लावावीत?

कर्दळ : आळशी माणसाची मैत्रीण. दोन डोळे असलेला कंदाचा तुकडा दीड ते दोन फुटांवर लावावा. तांबडा, पिवळा, नारिंगी, ठिपक्यांचा असे रंग मिळतात. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापावा. शेजारून नवा येतो. दोन-तीन वर्षांनी गड्डा दाट झाला की उकरून वेगळा करावा. ओलसर जागा तिला चालते, म्हणून न्हाणीचे पाणी जाते तेथे हीच लावावी.

अबोली : ही आपल्या दक्षिणेचीच. वास नाही, पण रंग डोळ्यांत भरतो आणि फूल तोडल्यावरही लवकर कोमेजत नाही. जवळजवळ वर्षभर फुलते; अर्धी सावली सोसते. पाणी साचले तर मात्र मरते. तिच्या वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब पडला की ते तड्कन फुटून बी दूर उडते. नातवंडांना हे जरूर दाखवावे.

शेवंती : आपल्या काकांचे फूल. हिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

निशिगंध : पांढरा रंग व रात्रीचा सुगंध. हे मूळचे मेक्सिकोचे झाड. एप्रिल ते जूनमध्ये कंद लावल्यास तीन-चार महिन्यांत दांडे येतात. तीन वर्षांनी कंद काढून मोठे तेवढे पुन्हा लावावेत. एकेरी फुलांची 'शृंगार' व दुहेरी फुलांची 'सुवासिनी' या बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने दिलेल्या जाती आहेत.

बोगनवेल : आपण जिला फूल म्हणतो ती रंगीत पाने असतात, खरे फूल म्हणजे आतील छोटी पांढरी नळी. १७६६ ते १७६९ या काळात फ्रेंच नाविक बूगनव्हिल जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांच्याबरोबरच्या कॉमर्सन नावाच्या वनस्पतितज्ज्ञाने ही वेल ब्राझीलमध्ये पाहिली आणि आपल्या कप्तानाचे नाव तिला मिळाले. फार पाणी घातल्यास हिला नुसती पाने येतात. थोडी तहानलेली ठेवावी. काटे असल्यामुळे वाटेपासून दूर लावावी.

जास्वंद व गुलाब : जास्वंदीचे फूल एकच दिवसाचे, पण उद्या दुसरे तयार असते. गुलाबात कलमी जातींपेक्षा गावठी गुलाब सोशीक. गुलाबाची छाटणी पाऊस संपल्यावर करावी. छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी फुले येतात. म्हणजे नाताळात फुले हवी असतील तर १० नोव्हेंबरच्या सुमारास कात्री लावावी.

सदाफुली, गुलबक्षी, पावसाळी लिली : या कडेला लावण्याच्या. सदाफुली दुष्काळातही फुलते. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. तिचा कंद जमिनीत राहतो व पावसाबरोबर पुन्हा फुटतो. पावसाळी लिली तर पहिल्या चांगल्या पावसानंतर थोड्याच दिवसांत फुलते. निळा रंग हवा असेल तर कुंपणावर गोकर्ण सोडावा.

बाजारात रोपे घेताना कानडी नावे उपयोगी पडतात. अबोलीला कनकांबर, शेवंतीला सेवंतिगे, जास्वंदीला दासवाळ, निशिगंधाला सुगंधराज आणि मोगऱ्याला मल्लिगे म्हणावे.

वीस फूट लांब, चार फूट रुंद वाफा

भिंतीकडे मागे दोन्ही टोकांना एकेक जास्वंद आणि त्यांच्या मधल्या बारा फुटांत सहा कर्दळी. मधल्या ओळीत दीड-दीड फुटावर सात अबोली व सहा शेवंती. पुढे कडेला फूट-फूट अंतरावर आठ सदाफुली व बारा पावसाळी लिली. भिंतीला लागून असलेल्या अशा वाफ्यात एकाच बाजूने हात पोचतो. म्हणून भिंतीलगत दीड फूट वाट सोडावी. उंच मागे व बुटके पुढे हा नियम पाळावा. एकेक झाड विखरून न लावता एका रंगाची चार-सहा झाडे एकत्र लावावीत. लांबून रंग ठसठशीत दिसतो. तांबडा व नारिंगी भडक वाटले तर मध्ये पांढरी सदाफुली घालावी.

अशा वाफ्यात वर्ष कसे जाते पाहा. जून ते सप्टेंबर लिली, कर्दळ, निशिगंध व गुलबक्षी. ऑक्टोबर ते जानेवारी शेवंती व गुलाब. फेब्रुवारी ते मे बोगनवेल, सदाफुली, अबोली आणि उन्हाळ्याचा मोगरा. एकही महिना रंगावाचून जात नाही.

शेवंती व रस्त्याचा दिवा

काकांनी पुढल्या जूनमध्ये लागवड केली. शेवंती घरापुढे फाटकाशी लावली. ऑक्टोबर संपला, झाडे हिरवीगार, पण एकही कळी नाही. दहा पावले आतल्या दोन झाडांना मात्र कळ्या होत्या. खत तेच, पाणी तेच. काकांनी विचारले, "कुणाची नजर लागली का?"

नजर लागली होती ती रस्त्याच्या दिव्याची. शेवंती रात्र मोजते. दिवस लहान व रात्र मोठी झाली म्हणजे ती कळी धरते. रात्री सतत उजेड पडला तर तिला रात्र झालीच नाही असे वाटते व ती नुसती पाने काढीत राहते. दिवसरात्रीच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध अमेरिकेतील गार्नर व अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली मांडला. म्हणून शेवंतीला दिवसा भरपूर ऊन व रात्री पुरता अंधार अशी जागा द्यावी.

त्या वर्षीही काकांना सुभाष रोडवरून माळ आणावी लागली. पण त्यांनी झाडे टाकली नाहीत. उन्हाळ्यात बुंध्याला आलेले फुटवे मुळांसह वेगळे केले व जूनमध्ये घराच्या मागल्या अंगाला लावले. रोपे वीतभर झाल्यावर शेंडे खुडले. त्यामुळे फांद्या वाढतात व फुलेही. मावा दिसला तेव्हा ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून, त्यात किंचित साबण घालून फवारली. जास्वंदीवरील पिठ्या ढेकणांसाठीही हाच उपाय करावा. दुसऱ्या नोव्हेंबरात पत्नीच्या कबरीवर घरची शेवंती होती.

पाणी

आपल्या जुळ्या शहरात नळाची वाट पाहण्याची सवय सर्वांना आहे. पहिल्या वर्षी रोपांना पाणी लागतेच. मुळे खोल गेली की गरज कमी होते. रोज शिंपडण्यापेक्षा चार-पाच दिवसांनी भरपूर पाणी द्यावे. म्हणजे मुळे खाली जातात. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी साठवून घालावे. वाफ्यावर दोन-तीन इंच वाळलेल्या पाल्याचे आच्छादन करावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. ओल टिकते, तण कमी होते व पाला कुजून खत होते. कचरा म्हणून पाला जाळणे हे आपले खत जाळणे होय.

आरोग्याच्या दृष्टीने

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना व वृद्धांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. रोज २५ मिनिटे, आठवड्याचे सहा दिवस बागेत काम केले की हिशेब पुरा होतो. परंतु पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी करावे. एप्रिल-मेमध्ये अकरा ते चार उन्हात जाऊ नये.

२. उकिडवे न बसता स्टूल घ्यावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यास घेरी येऊ शकते. आधार धरून सावकाश उठावे.

३. अनवाणी जाऊ नये. मधुमेह्यांच्या पायांना काटा टोचलेला समजत नाही. रोज रात्री तळवे पाहावेत. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यावी.

४. कुंड्यांखालील बशांत व फुटक्या डब्यांत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात अंडी घालतो. आठवड्यातून एकदा सर्व पाणी ओतून बशा घासाव्यात.

५. कर्दळीच्या दाट गड्ड्यात किंवा पाल्याखाली हात घालण्यापूर्वी काठीने हालवून पाहावे. साप चावल्यास चिरणे, चोखणे, मंत्र यांत वेळ न घालवता थेट इस्पितळात न्यावे.

६. काँग्रेस गवताने अंगाला खाज येते व काहींना दम लागतो. फुलण्यापूर्वीच, पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे घालून उपटावे.

७. कण्हेर शोभेची असली तरी तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. गुरे व लहान मुले असतील तेथे लावू नये.

८. मधुमेहावर सदाफुलीची पाने चावण्याची सवय काहींना आहे. ती सोडावी. १९५० च्या दशकात कॅनडातील नोबल व बिअर या संशोधकांनी मधुमेहासाठीच ही पाने तपासली. तेव्हा त्यांनी रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात असे दिसून आले. त्यातूनच पुढे कर्करोगावरचे प्रभावी औषध निघाले. इतके जहाल द्रव्य असलेली पाने डॉक्टरांवाचून खाणे हा उपचार नव्हे. फूल डोळ्यांनी पाहावे, गोळी वेळेवर घ्यावी.

खर्च व देवघेव

रोपवाटिकेत एकदम पैसे घालण्याची गरज नाही. कर्दळ, शेवंती, निशिगंध, लिली ही झाडे स्वतःच वाढतात व वाटून दिली तर अधिक निरोगी राहतात. बोगनवेल व जास्वंदीच्या पेन्सिलएवढ्या जाड काड्या पावसाळ्यात रुजतात. शेतकऱ्याला बियाण्याची देवघेव नवी नाही. तोच व्यवहार येथेही करावा. एकटे राहणाऱ्या वृद्धाच्या दारी कुणी कंद मागायला आले, तर त्यानिमित्ताने चार शब्दही होतात. याचे मोल पैशात करता येत नाही.

काकांचे गुडघे आता खरोखरच चालत नाहीत. ते खुर्चीवर बसून असतात. या उन्हाळ्यात कर्दळीचा गड्डा सुनेने उकरला. कुठे कापायचे ते काकांनी काठीने दाखवले. बाग फुलते आहे. त्यांना आता आठवड्यातून एकदा पाणी सांगावे लागते व सुकलेली फुले खुडावी लागतात, आणि ते काम ते खुर्चीवरून करतात.

त्यांच्याकडील कर्दळीचे तांबडे व पिवळे कंद आमच्याकडे आलेले आहेत. ज्यांना हवे असतील त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर पिशवी घेऊन यावे. मात्र येण्यापूर्वी घरची जमीन खणून लव्हाळा वेचलेला असावा, ही आमची एकच अट आहे.